शांततेच्या मोजपट्टीचे कूळ आणि मूळ

शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये नकारात्मक शांतता, म्हणजे प्रत्यक्ष हिंसेचा अभाव, आणि सकारात्मक शांतता, म्हणजे सामाजिक न्यायाचे अस्तित्व, असा भेद केला, आणि २००७ पासून जागतिक शांतता निर्देशांक देशांची क्रमवारी लावू लागला. हे टप्पे सुपरिचित आहेत. कुळाचा खरा प्रश्न उभा राहतो तो शांतता-अभ्यासक पामिना फर्चो आणि रॉजर मॅक गिंटी यांच्या ‘दैनंदिन शांतता निर्देशक’ या पद्धतीपाशी, जिच्यात शांततेच्या खुणा तज्ज्ञ नव्हे तर गावकरीच सांगतात आणि त्यांतल्या महत्त्वाच्या खुणाही तेच निवडतात. बंडखोरीत होरपळलेल्या उत्तर युगांडात रात्री कुत्री भुंकणे ही शांतता नसल्याची अशीच एक खूण ठरली, कारण ती भुंकली म्हणजे कोणी परका वस्तीजवळ आला, असा अर्थ होता.

या पद्धतीमागची प्रेरणा शाश्वत विकासाच्या अभ्यासांतली असल्याचे तिचे प्रवर्तक सांगतात. तेवढ्यावरून तिचे मूळ अमेरिकेतील सिएटलला नेता येईल, कारण तिथल्या नागरिकांनी १९९० च्या दशकात शहराच्या प्रकृतीची खूण म्हणून नद्यांत परतणाऱ्या सामन माशांची मोजणी निवडली होती. परंतु स्वतःच्या जगण्याविषयी तज्ज्ञांनी दिलेला निवाडा खोडण्याची वेळ सिएटलकरांवर आली नव्हती. ती आली राजस्थानात. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी तिथल्या दोन गावांतील १९६० च्या आणि १९८० च्या दशकांतील स्थितीची तुलना केली, तेव्हा तज्ज्ञांच्या हिशेबाने ज्या कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घटले होते, तीच कुटुंबे गावकऱ्यांनी सांगितलेल्या ३८ पैकी ३७ कसोट्यांवर सुधारलेली निघाली. पायात नेहमी जोडे असणे आणि सावकार-जमीनदारावर कमी विसंबावे लागणे या त्यांतल्याच कसोट्या होत. या तुलनेवरचा जोधांचा लेख १९८८ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापला गेला, आणि विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी तो उदाहरण म्हणून जगभरच्या विकासकार्यकर्त्यांपर्यंत नेला. चेंबर्स यांनी पुरस्कारलेली सहभागी ग्रामीण समीक्षा, म्हणजे गावाची पाहणी गावकऱ्यांनीच करण्याची रीत, आफ्रिकेतही रुजली होती, आणि युगांडातील कुत्र्यांच्या भुंकण्यापर्यंतची वाट तिथूनच गेली असावी, हे अनुमान सिएटलच्या माशांवरून काढलेल्या अनुमानापेक्षा बळकट ठरते.

जोधांनी दारिद्र्य मोजले, शांतता नव्हे, हा आक्षेप रास्त दिसतो; तरी जमीनदाराच्या धाकातून सुटणे आणि बंडखोरांच्या धाकातून सुटणे या दोहोंत मोजली गेली ती दुसऱ्याच्या सत्तेपासून मिळालेली मोकळीकच, आणि ती किती मिळाली हे धाक सोसलेल्यांनाच विचारावे लागले.