छागोस–लक्षद्वीप कटक
हिंदी महासागराच्या तळावरील ज्वालामुखीजन्य पर्वतरांग. लांबी सु. २,५०० किमी. लक्षद्वीप, मालदीव व छागोस ही प्रवाळद्वीपे तिच्या माथ्यावर वाढली आहेत. मराठवाड्यातील औसा परिसराचा काळा बेसाल्ट व हा कटक यांचा उगम एकच मानला जातो.

प्रावरणातील तप्त स्थल जवळजवळ स्थिर राहते व त्यावरून भूकवच सरकताना ज्वालामुखींची रांग निर्माण होते, ही कल्पना जे. टूझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली. तीनुसार सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी रीयूनियन तप्त स्थलातून दक्षिण ट्रॅपचे लाव्हाथर पसरले. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, तसतसा त्याच्या दक्षिणेस हा कटक रचला गेला. १९८७ मधील सागरतळाच्या वेधनाने यास पुष्टी मिळाली : मालदीवजवळील बेसाल्ट सु. ५·७ कोटी, तर छागोसजवळील सु. ४·९ कोटी वर्षांपूर्वीचा ठरला. पुढील माग आफ्रिकी भूपट्टावर उमटला. मॉरिशस व रीयूनियन ही बेटे त्यावरच आहेत. रीयूनियनवरील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे.

औसा तालुक्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे घेतलेल्या वेधछिद्रात बेसाल्टाची जाडी सु. ३३८ मी. आढळली, त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक आहेत. हा भूकंप ज्वालामुखीमुळे झालेला नव्हता. ज्या गतीने हा कटक घडविला, तीच भारतीय भूपट्टाची उत्तराभिमुख गती द्वीपकल्पाच्या खडकांवर दाब आणते व अशा भूकंपांस कारणीभूत होते, असे मानतात.