सुपारी, इसार आणि उचल

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

माझी भाची बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि एका संध्याकाळी रंगीत माहितीपत्रक घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. ‘मामू, मला इव्हेंट मॅनेजमेंट शिकायचंय. गाण्याचे, नाटकाचे कार्यक्रम उभे करायचेत. अम्मी म्हणते, मांडव घालायला कोर्स कशाला लागतो?’ मी जुना बी. ए. आमच्या वेळी या नावाचा विषयच नव्हता. पण पत्रक वाचत गेलो तसा मला एकेक जुना चेहरा आठवू लागला. अंदाजपत्रक, परवानग्या, प्रायोजक, गर्दीचे नियंत्रण, कलावंतांशी करार. नावे इंग्रजी होती, कामे मात्र ओळखीची होती.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, हे आपण शाळेत शिकतो. त्या वेळी खर्चाची काळजी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबाराला होती. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय आटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. मला तर वाटते, मराठी नाटककार सांगलीत जन्मला आणि व्यवस्थापक ग्रँट रोडवर. एका राजाची मर्जी सांभाळणे सोपे. पैसे मोजून आलेल्या अनोळखी माणसाला वेळेवर पडदा वर जाताना दिसला पाहिजे, ही गोष्ट वेगळी.

पुढे नाटक कंपन्यांनी हे शास्त्र पुष्कळ वाढवले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोन मालक, दोघांचे चाहते वेगळे, आणि उत्पन्न जायचे टिळक स्वराज्य फंडाला. वरच्या वर्गाचे तिकीट १०० रुपये होते, त्या काळचे! त्या रात्रीच्या गाण्यांबद्दल आजही बोलले जाते. दोन कंपन्यांची माणसे, सामान आणि मानपान एका रंगमंचावर कोणी जुळवले, हे मात्र कोणी विचारत नाही. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. बालगंधर्वांची मंडळी त्याच सुमारास कर्जात रुतली होती. खरी अत्तरे, उंची भरजरी वस्त्रे. कलेत काटकसर त्यांना मंजूर नव्हती. ते कर्ज फेडायला त्यांना वर्षानुवर्षे प्रयोग करावे लागले.

पण या विद्येचे खरे विद्यापीठ पाहायचे असेल, तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावला जावे. महाशिवरात्रीनंतर तिथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा फलक, आत गादी आणि गादीवर मॅनेजर. गावोगावचे पंच येतात, चहा होतो, घासाघीस होते आणि जत्रेची सुपारी ठरते. (हा शब्द गुन्हेगारांनी पळवला, याचे मला फार वाईट वाटते. करार पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली ती साधी सुपारी होती.) मॅनेजरच्या पुढ्यात पंचांग असते, कारण जत्रा तारखेने नसते, तिथीने असते. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी अशा तिथींना कितीतरी गावांच्या जत्रा एकदम येतात. त्या रात्रींचा भाव चढतो आणि फड तर एकच. आज रात्री खेळ झाला की ट्रक उद्या संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी पोचला पाहिजे, हा हिशेब मॅनेजर तोंडी करतो. मोठ्या फडात नाचणाऱ्या बाया, सोंगाडे, ढोलकीवाले, आचारी, वायरमन, ड्रायव्हर मिळून शंभराच्या आसपास माणसे असतात.

गाव इसार देते, पण ते फार पुढचे. त्याआधी, पावसाळ्यात फड बंद असतो तेव्हा, कलावंताने मालकाकडून उचल घेतलेली असते; त्यावर घर चाललेले असते, पोरांच्या फिया भरलेल्या असतात. ती उचल द्यायला मालकाने सावकाराकडून व्याजाने पैसे काढलेले असतात. म्हणजे ढोलकीवर पहिली थाप पडण्याआधीच फडातला प्रत्येक जण कोणाचा तरी देणेकरी झालेला असतो. जत्रांचा हंगाम हेच काय ते फेडण्याचे दिवस.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गरोदरपणी बोर्डावर नाचत होत्या. खेळ चालू असतानाच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बाहेर येऊन उभ्या राहिल्या. हा प्रसंग आपण कौतुकाने सांगतो. मला त्यात सुपारीचा करार दिसतो. त्यात बाळंतपणासाठी जागाच नव्हती. राष्ट्रपतींचे पदक मिळालेल्या या बाईंची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. २००२ साली त्या वारल्या.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. नियम योग्यच आहे, आजाऱ्याला झोप लागते. पण रात्रभराचा वग दोन-तीन तासांत बसवायचा कसा, हे फडानेच पाहायचे. नंतर आला तो २०२० चा गुढीपाडवा. राहुट्या पडलेल्या, सुपाऱ्या ठरत आलेल्या, आणि पाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली. अख्खा हंगाम गेला. गावांची जत्रा बुडाली, ती पुढच्या वर्षी होणारच होती. उचल मात्र माफ होत नाही.

शहरातल्या धंद्याचे दिवस तोपर्यंत पार पालटले होते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला आणि ‘इव्हेंट’ हा शब्द मराठी घरांत शिरला. कार्यक्रम एका रात्रीचा. त्याच्या करमणूक कराच्या माफीचे भांडण न्यायालयात कितीतरी वर्षे चालले.

माझाही एक अनुभव आहे. एका तालुक्याच्या गावी उरुसाच्या निमित्ताने मुशायरा होता, आम्ही सात-आठ कवी होतो. ऐन वेळी पाऊस आला, मांडव कोसळला. मांडववाल्याला पैसे मिळाले, लाऊडस्पीकरवाल्याला मिळाले, आचाऱ्याला तर आधीच मिळाले होते. आम्हा कवींना संयोजकाने नम्रपणे सांगितले, ‘तुम्ही वाचलंच कुठे?’ रात्रीची शेवटची एस. टी. गेली होती. आम्ही स्टँडवरच पहाटेपर्यंत एकमेकांना कविता ऐकवल्या, मुशायरा तिथे झाला म्हणायचा.

हे सगळे भाचीला सांगितले. तिने माहितीपत्रक पुन्हा उघडले आणि ‘जोखीम व्यवस्थापन’ या प्रकरणाखालच्या ओळी मोठ्याने वाचल्या. आग, वीज, चेंगराचेंगरी, विमा. ‘मामू, यात कार्यक्रम रद्द झाला तर आयोजकाला काय मिळतं ते आहे. कलाकाराचं नाही.’ मग तिने पेन्सिलीने समासात काहीतरी लिहिले. प्रवेश तिने घेतला आहे. येत्या महाशिवरात्रीनंतर मला तिला नारायणगावला न्यायचे आहे; तिची अम्मीही येतो म्हणते.