एक खड्डा, अनेक तक्रारी

सोलापूरची नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली. १ मे १९६४ रोजी तिची महानगरपालिका झाली. पालिकेच्या कागदी कारभारात आवक नोंदवहीतला क्रमांक अर्जाला मिळतो, प्रश्नाला नाही. एका फुटलेल्या जलवाहिनीबद्दल चौघांनी वेगवेगळे अर्ज दिले, तर चार क्रमांक पडतात. यावर जुना उपाय म्हणजे सामायिक अर्ज: सह्या अनेक, क्रमांक एकच.

जानेवारी २०१६ मध्ये सोलापूर स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत आले. त्याच वर्षी केंद्र सरकारचे ‘स्वच्छता’ अ‍ॅप सुरू झाले. त्यात कचऱ्याचा फोटो ठिकाणासह नोंदवता येतो आणि दुसऱ्याने आधीच केलेल्या तक्रारीला पाठिंबाही देता येतो. ब्रिटनमधील ‘फिक्स माय स्ट्रीट’ या २००७ च्या संकेतस्थळावर नव्या तक्रारीआधी नकाशावर आसपासच्या जुन्या तक्रारी दिसतात.

दोन तक्रारींचे ठिकाण, प्रकार आणि वेळ जुळले की तक्रार दुबार असण्याची शक्यता वाढते. पण मोबाइलने दाखवलेले ठिकाण काही मीटर चुकू शकते आणि शेजारचे दोन खड्डे एकच वाटतात. म्हणून दुबार तक्रार न पुसता मूळ तक्रारीला जोडणे योग्य. त्यामुळे काम एकदाच नोंदले जाते, तक्रारदारांची संख्या टिकते आणि निवारणाची माहिती सर्वांना मिळते.