कोयनेची मान

पूर्णगडला मुचकुंदीच्या मुखाशी खाऱ्या वाऱ्याने झिजलेला लोखंडी पाइप दिसला, की मला कोयना धरण आठवते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर कोसळले. 103 मीटर उंच धरणालाही तडे गेले. पण पायथ्याशी नव्हे, मागचा उतार एकदम बदलून भिंत निमुळती होते, त्या मानेशी. आराखड्यात गुरुत्वाच्या 0.05 पट धक्का धरला होता. यंत्राने नोंदवला सुमारे 0.49 पट! तरी धरण टिकले, खालची गावे वाचली. पुढे मागून काँक्रीटचे टेकू दिले.

पाइपाचेही तेच. आतला दाब सोसत भूकंपात मागेपुढे वाकताना झिजलेली जागाच ताणते, फुगते. शेजारची जाड भिंत तशीच राहते. म्हणून कोणी सरासरी जाडी सांगितली, की मी सर्वांत पातळ जागेचा आकडा विचारतो.