माशांसोबत व्हाइट वाइनच का?

तळलेल्या सुरमईवर आपण लिंबू पिळतो. व्हाइट वाइनचा आंबटपणा तेच काम करतो. रेड वाइनचं मात्र माशांशी अनेकदा बिनसतं. त्याचं एक कारण २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं: वाइनमध्ये लोह जास्त असेल, तर सीफूडसोबत घेतल्यावर तोंडात उग्र, वशट चव रेंगाळते. लोहाचं प्रमाण सहसा रेडमध्ये अधिक असतं.

नाशिकच्या 'सुला'ने २००० मध्ये सुरुवातीलाच सॉव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन व्हाइट वाइन बाजारात आणल्या. तळलेल्या मासळीसोबत ड्राय सॉव्हिन्यॉ छान लागते. झणझणीत कालवण असेल, तर परदेशी सल्ले बाजूला ठेवावेत, कारण अल्कोहोलमुळे तिखट जास्तच झोंबतं. तिथे किंचित गोडसर, थंडगार शेनिन बरी. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे.