हिशेब कुणाला द्यायचा?

गेल्या शनिवारी वसईला एका मित्राकडे गेलो होतो. हा चार्टर्ड अकाउंटंट. आठवडाभर कंपन्यांची ऑडिट्स करतो आणि रविवारी मिस्सा संपली की चर्चच्या फायनान्स कमिटीत फुकट हिशेब तपासतो. या वेळी मात्र स्वारी वैतागलेली होती. "अरे, सगळं नीट करून दिलं. पण शेवटी आम्ही फक्त सल्ला देणारे. फादरना पटलं तर पटलं. सोडून द्यावं म्हणतोय."

मी त्याच्या चर्चचा नाही, धर्माचाही नाही. मला फक्त त्याची एक्सेल शीट दुरुस्त करायला बोलावलं होतं. पण ही भानगड नक्की किती जुनी, ते शोधायची हुक्की आली आणि रविवार त्यातच गेला.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मोरबाथ नावाचं खेडं आहे. सोळाव्या शतकात तिथे जेमतेम ३३ कुटुंबं, मुख्य धंदा मेंढ्यांचा. १५२० साली ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचे फादर तिथे आले आणि १५७४ पर्यंत तिथेच राहिले. गंमत म्हणजे चर्चची तिजोरी त्यांच्या हातात नव्हती. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या घरोघर सांभाळायला दिलेल्या. तरुण मुलांचा फंड वेगळा, मुलींचा वेगळा. प्रत्येकावर गावातलेच वॉर्डन, त्यात कधी बायकासुद्धा. फादरचं काम हिशेब लिहिण्याचं, आणि तो सगळ्या गावासमोर मोठ्यानं वाचून दाखवण्याचं. म्हणजे लिहितावाचता न येणाऱ्यालाही चर्चचा पैसा कुठे गेला ते कळायचं!

इमॉन डफी या इतिहासकारानं याच वह्यांवरून २००१ मध्ये 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' हे पुस्तक लिहिलं. १५४७ मध्ये सहावा एडवर्ड गादीवर आला आणि जुने कॅथलिक विधी बंद पडत गेले. मेंढ्या गेल्या, फंड गेले. १५४९ मध्ये त्याविरुद्ध बंड झालं, तेव्हा गावानं पाच तरुण बंडखोरांच्या छावणीत पाठवले. त्यांच्यावर झालेला खर्चही वहीत आहे. आता बघा, हा सरळसरळ राजद्रोहाचा पुरावा. पण गावाचा पैसा खर्च झाला म्हणजे नोंद हवीच!

इकडे रोमन चर्चनंही शिस्त लावायला घेतली होती. १५६२ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं ठरवलं की चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी, मग ते धर्मगुरू असोत वा सामान्य माणसं, वर्षातून एकदा बिशपला हिशेब द्यायचा. म्हणजे हिशेब वर जाणार. मोरबाथमध्ये तो गावाकडे जात होता.

१९८३ च्या चर्चच्या कायद्यात दोन्ही गोष्टी आहेत. कलम ५३७ म्हणतं, प्रत्येक पॅरिशमध्ये फायनान्स कमिटी हवीच. मात्र ती मदतीला. कारभाराची जबाबदारी कलम ५३२ नुसार फादरचीच. माझ्या मित्राचं दुखणं नेमकं इथे आहे. पण पुढे कलम १२८७ असंही सांगतं की लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांनाही द्यायचा. तो कसा, हे स्थानिक नियमांनी ठरवायचं.

रात्री मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आमची बॅलन्स शीट फादरना तरी कुठे नीट कळते? आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या मावश्यांना तर मुळीच नाही."

मला वाटतं, खरी मेख तिथेच आहे. ट्रिकी फादरकडे ना डबल एंट्री होती, ना सीएची डिग्री. ज्याचा पैसा त्याला कळेल असा हिशेब सांगणं एवढंच त्यांना जमत होतं. फुकट द्यायचं कौशल्य हेच असावं. बाकी आकडेमोड काय, एक्सेलही करतं.

मित्रानं कमिटी सोडलेली नाही. तूर्तास मला नवीन काम लागलंय: अख्ख्या वर्षाचा हिशेब एका पानावर, मराठीत, मोठ्या टायपात. फादर तो वाचायला परवानगी देतात का, ते बघू.