जीन शोधायला निघाले आणि जीनोम जुळवत बसले

१९९९ च्या अखेरीस एरिक लँडर यांनी डेव्हिड हाऊसलर यांना मानवी जीनोम प्रकल्पात बोलावलं. काम होतं जीन शोधण्याचं. हाऊसलर तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत संगणकशास्त्र शिकवत होते, आणि डीएनएच्या अक्षरांतून जीन ओळखणारं मशीन लर्निंग हा त्यांचा हातखंडा विषय. पद्धत तयार, प्रोग्रॅम तयार. पण ज्यावर तो चालवायचा तो जीनोमच जुळलेला नव्हता!

पुढचे सहा महिने काय झालं ते सांगतेच, पण आधी थोडं मागे जाऊ. "एआय आणि जीनोमिक्समध्ये काम करायचंय, तर आधी नक्की काय शिकू?" असं मला बरेचजण विचारतात. हाऊसलर यांचा रस्ता बघितला तर हा प्रश्न जरा सैल होतो.

कॉलेजच्या सुरुवातीला ते थोडे दिवस कला शिकले, मग मानसोपचाराकडे गेले, आणि शेवटी १९७५ मध्ये गणितात पदवी घेतली. त्यांचे भाऊ मार्क हे ॲरिझोनात ड जीवनसत्त्वावर काम करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ. सुट्टीत डेव्हिड त्यांच्या प्रयोगशाळेत राबायचे, म्हणजे जीवशास्त्राची तोंडओळख तिथेच झाली. पीएच.डी. मात्र संगणकशास्त्रात, १९८२ मध्ये, कोलोरॅडो विद्यापीठातून. गाइड होते आंजेय एरेनफॉइख्ट, मूळचे पोलंडचे गणिती. याच गाइडकडे एक वर्ष आधी जीन मायर्स नावाच्या विद्यार्थ्याची पीएच.डी. झाली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९८२ मध्येच गॅरी स्टॉर्मो, एरेनफॉइख्ट आणि सहकाऱ्यांनी एक पेपर छापला. ई. कोलाय जिवाणूत प्रथिन बनायला नेमकी कुठून सुरुवात होते, ती जागा त्यांनी 'परसेप्ट्रॉन' वापरून ओळखली होती. परसेप्ट्रॉन म्हणजे आजच्या न्यूरल नेटवर्कचा पणजोबा. जीनोमिक्समध्ये एआय आत्ता दहा वर्षांत आलं असं कोणी म्हणालं, तर त्यांना हे साल सांगा.

ऐंशीच्या दशकात मात्र हाऊसलर शुद्ध सिद्धांतात होते. यंत्राला एखादी गोष्ट शिकवायची तर किती उदाहरणं पुरतात? ब्लूमर, एरेनफॉइख्ट आणि वॉरमुथ यांच्यासोबतचा १९८९ चा त्यांचा पेपर या प्रश्नावर आहे, आणि मशीन लर्निंगच्या सिद्धांतात तो आजही शिकवला जातो.

मग ॲन्डर्स क्रोग हा डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ पोस्टडॉक म्हणून सांता क्रूझला आला, आणि बोललेले शब्द ओळखण्यासाठी वापरलं जाणारं 'हिडन मार्कोव्ह मॉडेल' त्यांनी मिळून प्रथिनं आणि डीएनएकडे वळवलं. १९९४ मध्ये यावरचे त्यांचे दोन महत्त्वाचे पेपर आले, एक प्रथिनांच्या कुळांवर आणि एक ई. कोलायमधले जीन शोधण्यावर.

हे मॉडेल समजायला मोडीचं उदाहरण बरं पडतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग जाते. अक्षरं समोर दिसतात, पण शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ठरवायचं. सराईत वाचक ते कसं ठरवतो? कोणत्या अक्षरानंतर काय येण्याची शक्यता जास्त, आणि मजकूर खरेदीखताचा आहे की पत्राचा, यावरून. डीएनएचंही तसंच. ए, सी, जी, टी ही अक्षरं दिसतात. एखादं अक्षर प्रथिनाचा संदेश देणाऱ्या एक्झॉनमधलं आहे की मधल्या इंट्रॉनमधलं, हे लपलेलं असतं. पण खुणा असतात. संदेशाच्या भागात तीन-तीन अक्षरांचा ठेका असतो. इंट्रॉन बहुतेक वेळा जीटीने सुरू होतो आणि एजीने संपतो. मॉडेल या सगळ्या शक्यता एकत्र धरून सर्वांत संभाव्य वाचन निवडतं. १९९६ मध्ये कल्प, हाऊसलर, रीस आणि ईकमन यांनी याच वळणाने 'जिनी' हा प्रोग्रॅम केला.

आता परत २००० सालात. सरकारी निधीवर चाललेल्या सार्वजनिक प्रकल्पाने जीनोमचे सुमारे ३०,००० मोठे तुकडे घेतले होते, आणि प्रत्येक तुकडा पुन्हा लहान भागांत वाचला होता. हातात होते जवळपास ४,००,००० भाग. बरेचसे एकमेकांवर चढलेले, कोणता कोणाच्या पुढे आणि सुलटा की उलटा, पत्ता नाही. अशा चिंध्यांवर जिनी चालवून काय उपयोग? एक्झॉन एका चिंधीत, पुढचा दुसरीत.

दुसरीकडे सेलेरा ही खासगी कंपनी स्वतःचा जीनोम जुळवत होती. तिथे जुळणीची धुरा होती जीन मायर्स यांच्याकडे. म्हणजे एकाच गाइडचे दोन विद्यार्थी समोरासमोर! गंमत अशी की सेलेराने मार्च २००० मध्ये फळमाशीचा जीनोम छापला, तेव्हा त्यातले जीन शोधायला जिनीही वापरला होता.

हाऊसलर यांच्या गटाला जुळणी अवघड जात होती. तेव्हा जिम केंट पुढे आला. वय चाळीसच्या आसपास, आधी ॲनिमेशनची सॉफ्टवेअरं लिहायचा, आणि आता जीवशास्त्रात पीएच.डी. करत होता. सेलेराने आधी बाजी मारली तर जीनवर पेटंटं घेतली जातील ही त्याची धास्ती. साधारण चार आठवड्यांत त्याने 'गिगॲसेंब्लर' लिहिला. रात्री मनगटांना बर्फ लावून पुन्हा टायपिंग. विद्यापीठाकडून १०० साधे संगणक मिळाले होते, त्यांवर तो चालवला. २२ जून २००० ला पहिली जुळणी तयार झाली. सेलेराची त्यानंतर दोन-तीन दिवसांत. २६ जूनला व्हाइट हाऊसमध्ये घोषणा, आणि ७ जुलैला सांता क्रूझने जीनोम सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवला. सुमारे २.७ अब्ज अक्षरं, अंदाजे ८८ टक्के जीनोम.

केंटच्या प्रोग्रॅममध्ये शिकणारं मॉडेल वगैरे काही नव्हतं. कुठले आरएनए कुठे जुळतात, कुठल्या जोड्यांची टोकं किती अंतरावर असायला हवीत, असे पुरावे घेऊन भाग ओवत जायचं. माझ्या स्वतःच्या पीएच.डी.चं पहिलं वर्ष फाइलींची नावं जुळवण्यात गेलं, त्यामुळे मला हा भाग जरा जास्तच जवळचा वाटतो. आधी डोकं लावलं असेल तर मॉडेल आठवड्यात होतं. डेटा हाताशी यायलाच वर्षं जातात, आणि प्रबंधात त्यावर दोन पानंसुद्धा लिहिता येत नाहीत.

पुढे केंटने तो जीनोम बघायला 'जीनोम ब्राउझर' केला. हाऊसलर यांचं नाव आज अनेक डॉक्टरांना माहीत असेल ते यामुळे, १९८९ च्या त्या सुंदर प्रमेयांमुळे नव्हे. हे मला थोडं अन्यायाचं वाटतं, पण असो.

नंतरच्या काळात हाऊसलर वैद्यकाकडे, विशेषतः कर्करोगाकडे वळले. बीआरसीए १ आणि २ या जीनमध्ये घातक बदल असेल तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग होण्याचा धोका खूप वाढतो. पण तपासणीच्या अहवालात पुष्कळदा येतं, 'या बदलाचा अर्थ अनिश्चित'. बाईने काय करायचं, शस्त्रक्रिया की वाट बघायची? एका प्रयोगशाळेकडे अशी एखादीच केस, दुसरीकडे दुसरी, आणि माहिती आपापल्या कपाटात. २०१३ मध्ये उभ्या राहिलेल्या जीनोम-माहिती वाटून घेण्याच्या जागतिक आघाडीच्या संस्थापकांत हाऊसलर होते. त्यातून 'बीआरसीए एक्स्चेंज' आलं, जगभरातले हे बदल एका ठिकाणी. २०१८ च्या अखेरच्या पेपरात तिथे २०,००० हून अधिक वेगवेगळे बदल होते, आणि त्यांतल्या काहींचाच तज्ज्ञांनी निकाल लावला होता. उरलेल्यांपैकी कित्येक इतके दुर्मीळ आहेत की ते एखाद-दुसऱ्या कुटुंबातच दिसलेत. किती उदाहरणं पुरतात, हा त्यांचा जुना प्रश्न इथे पुन्हा समोर येतो, आणि उदाहरण एकच असतं.